व्ही-क्रॉस किती उचलायची? पिकअपसाठी लिफ्ट किट निवडताना

लिफ्ट किटची, म्हणजे गाडी उंच करणाऱ्या सुट्या भागांच्या संचाची, चौकशी करणारा जवळपास प्रत्येक जण आधी विचारतो, "किती इंचाचं घेऊ?" या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात शेवटी येतं. त्याआधी गाडीवर कायमचं वजन किती, टायर कोणता आणि वर्षातले किती दिवस हौदा रिकामा असतो, हे ठरावं लागतं. ते ठरलं की इंच आपोआप ठरतात, आणि बहुतेकांच्या बाबतीत मनातल्या आकड्यापेक्षा कमीच निघतात.

हा लेख इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस समोर ठेवून लिहिला आहे. २०१६ पासून आपल्याकडे मिळणारी ही फोर बाय फोर पिकअप जगाच्या हिशेबात मध्यम आकाराची; पुण्याच्या पेठेत शिरल्यावर मात्र तिचे ५.३ मीटर चांगलेच जाणवतात. पुढे डबल विशबोन (प्रत्येक चाकाला वर-खाली दोन आर्म) आणि कॉइल स्प्रिंग, मागे अखंड एक्सल (दोन्ही चाकांना जोडणारा एकच आस) आणि पाटे, अशी तिची रचना. २०२२ मध्ये आलेल्या टोयोटा हायलक्सचीही रचना हीच, त्यामुळे पुढचं बहुतेक सगळं तिलाही लागू पडतं. मारुतीच्या जिम्नीला नाही. तिला पुढेही अखंड एक्सल आहे आणि तिचं गणित वेगळं.

लिफ्टने काय वर जातं आणि काय जात नाही

सस्पेन्शन लिफ्टने चासी (गाडीचा सांगाडा) आणि बॉडी एक्सलपासून वर जाते. मागचा एक्सल, म्हणजे त्याच्या मधोमध लोंबणारा डिफरन्शियलचा (चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरचा) गोळा, आहे तिथेच राहतो. त्याची जमिनीपासूनची उंची ठरवतो फक्त टायर.

हे समजून घेतलं नाही तर पैसे चुकीच्या जागी जातात. कोकणात चिरेखाणीकडे जाणाऱ्या रस्त्यांवर ट्रक जाऊन जाऊन खोल चाकोऱ्या पडलेल्या असतात आणि मधे उंचवटा राहिलेला असतो. तिथे आधी घासतो तो हा गोळा. दोन इंच लिफ्ट करून त्या रस्त्याला गेलात तरी तो तिथेच घासेल. चाकोरी सोडून चाकं उंचवट्यावर चढवणं हा तिथला इलाज, आणि तो फुकट आहे.

उलट बांध ओलांडताना, ओढ्याच्या काठावरून उतरताना किंवा घाटातल्या जुन्या पायवाटेवरच्या दगडी टप्प्यांवर अडतं ते गाडीचं पोट, पायपाट्या आणि मागचा बंपर. व्ही-क्रॉसच्या दोन एक्सलमधलं अंतर ३०९५ मिलिमीटर आहे, म्हणून पोट टेकण्याची भीती आखूड गाड्यांपेक्षा जास्त. पुढून-मागून ४० मिमी उचलली की पोटाखालचा कोन साधारण ३ अंशांनी सुधारतो. आकडा छोटा वाटतो, पण प्रत्यक्ष बांधावर टेकणं आणि सुटणं यात तेवढाच फरक असतो.

तेव्हा गाडी आजवर जिथे जिथे घासली, त्या जागा खाली वाकून बघा. ओरखडे खोटं बोलत नाहीत. ते फक्त गोळ्यावर असतील तर टायरचा विचार करा. पायपाट्यांवर आणि चासीवर असतील तर लिफ्टचा. कुठेच नसतील तर पुढचं वाचून पैसे वाचवा.

कायद्याची बाजू

हे शेवटी कुठेतरी बारीक अक्षरात लिहिण्याची पद्धत आहे. मी आधी लिहितो, कारण काही जणांचा निर्णय इथेच होईल.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतले तपशील निर्मात्याने मुळात ठरवलेल्या स्वरूपाशी विसंगत होतील असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका ठामपणे मांडली. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ खाली बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. "अहो, सगळेच करतात" हे गॅरेजवाल्याचं वाक्य आरटीओसमोर किंवा विम्याच्या सर्व्हेअरसमोर उपयोगाचं नाही.

म्हणून काम सुरू करण्यापूर्वी तीन ठिकाणी लेखी विचारा: आरटीओ, विमा कंपनी आणि सर्व्हिस सेंटर. वॉरंटी शिल्लक असेल तर सस्पेन्शन, स्टिअरिंग आणि हाफ शाफ्ट (पुढच्या चाकाला ताकद पोचवणारा दांडा) यांवरची वॉरंटी गेल्यात जमा धरा. थकलेले शॉकअप आणि बसलेले पाटे बदलून मूळ उंची परत आणणं ही दुरुस्ती आहे, आणि जुन्या गाड्यांना अनेकदा तेवढीच लागते. बॉडी आणि चासीच्या मधे ठोकळे घालून केलेली बॉडी लिफ्ट किंवा खालचे सगळे ब्रॅकेट बदलून केलेली चार-सहा इंचांची लिफ्ट, या दोन्हींचा या लेखात विचारच केलेला नाही. रोजच्या गाडीला त्या नकोत. २०१४ साली गोव्यात सुरू झालेल्या रेनफॉरेस्ट चॅलेंजसारख्या स्पर्धांतल्या गाड्या बघून डोळे दिपतात खरे, पण त्या गाड्यांना सोमवारी ऑफिसला जायचं नसतं.

आधी टेप, मग वजनकाटा

किट विकणारा तुमच्या गाडीची उंची मोजणार नाही. तुम्हीच मोजा.

सपाट फरशीवर गाडी उभी करा, दोन-चार मीटर पुढे-मागे ढकलून सस्पेन्शन स्थिर होऊ द्या. चाकाच्या मध्यबिंदूपासून त्याच्या सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर चारही चाकांना घ्या आणि लिहून ठेवा. जमिनीपासून मोजू नका; टायरची झीज आणि हवा आकडा बिघडवतात. हौदा रिकामा असताना एकदा आणि नेहमीचा प्रवासाचा सगळा पसारा भरून एकदा, अशी दोन मापं हवीत. भरल्यावर मागची बाजू किती बसते, तो आकडा पाटे निवडताना सगळ्यात जास्त उपयोगी पडतो.

डाव्या-उजव्या बाजूत थोडा फरक निघाला तर घाबरू नका. फरक बोटभर असेल तर मात्र कुठला तरी पाटा तुटलाय का किंवा बसलाय का ते आधी बघा. तुटक्या पाट्यावर लिफ्ट चढवण्यात अर्थ नाही.

मग वजनकाटा. उसाचा असो, खडीचा असो, कुठलाही चालेल, फक्त प्लॅटफॉर्म जमिनीशी समतल असावा. आधी पुढची चाकं काट्यावर घेऊन वजन, मग पूर्ण गाडी, मग फक्त मागची चाकं. काटेवाला विचित्र नजरेने बघेल, बघू दे. पुढच्या आणि मागच्या एक्सलचा भार वेगळा कळल्याशिवाय स्प्रिंगची निवड म्हणजे अंदाजपंचे दाहोदरसे.

वजन कसं वाढतं याचा आपल्याला अंदाज नसतो. २० लिटर पाण्याचा कॅन म्हणजे २० किलो. तेवढंच डिझेल म्हणजे साधारण १७. छतावरचा तंबू सहज ५०-६० किलोंचा, आणि हौद्यावर फायबर किंवा पत्र्याचं झाकण असेल तर ते वेगळं. यातलं कायम गाडीवर राहणारं वजन एका बाजूला लिहा आणि फक्त सहलीला चढणारं दुसऱ्या बाजूला. स्प्रिंग कायमच्या वजनावर निवडायची असते, वर्षातून एकदा होणाऱ्या स्पितीच्या फेरीवर नाही.

आणखी एक गोष्ट, जी परदेशी व्हिडिओ बघून किट मागवणाऱ्यांच्या हमखास नजरेतून सुटते. ओल्ड मॅन इमू, आयर्नमॅन, डॉबिन्सन्स, टफ डॉग ही ऑस्ट्रेलियन नावं. तिकडे पुढे लोखंडी बुलबार आणि विंच (अडकलेली गाडी ओढून काढायचं यंत्र) लावणं ही सर्रास पद्धत, म्हणून पुढच्या स्प्रिंगमध्ये त्या वजनाचा वेगळा प्रकार मिळतो. आपल्याकडे केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्ये अशा बुलबारवर कारवाई करायला राज्यांना सांगितलं. तुमच्या गाडीला बुलबार नाही, तर त्या वजनाची स्प्रिंगही नको. ती घेतली तर पुढचा भाग ठरल्यापेक्षा जास्त वर उभा राहील, आणि खड्ड्यात चाक खाली जायला वावच उरणार नाही.

टायर लिफ्टच्या आधी

व्ही-क्रॉसच्या वरच्या प्रकारांना २५५/६० आर१८ टायर येतो (रुंदी मिमीत, कडेची उंची रुंदीच्या टक्क्यांत, रिम इंचांत). त्याचा व्यास हिशेबाने ७६३ मिमी. हायलक्सचा २६५/६० आर१८ बसवला तर व्यास ७७५ होतो, म्हणजे गोळा जेमतेम ६ मिमी वर. १७ इंची रिमवर २६५/७० घेतला तर ८०३ मिमी, आणि गोळा २० मिमी वर. चाकोरीत उपयोगी पडणारी उंची ती हीच.

पण ८०३ चा टायर मूळ उंचीवर स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर आतल्या प्लास्टिकला किंवा मडगार्डच्या कडेला लागू शकतो. स्पीडोमीटर १०० दाखवत असताना वेग सुमारे पाच टक्क्यांनी जास्त असतो. गिअरिंग तेवढंच लांबतं आणि चढावर इंजिन जड वाटतं. स्टेपनीही त्याच मापाची लागते आणि ती हौद्याखालच्या जागेत बसते का, ते आधी बघावं लागतं. शिवाय कायद्याचा प्रश्न इथेही येतो. कंपनीने त्याच मॉडेलला दिलेल्या मापात राहणं सगळ्यात सुरक्षित.

माझं मत विचाराल तर निम्म्याहून जास्त लोकांनी मूळ मापाचा चांगला ऑल-टेरेन टायर घ्यावा, खराब रस्त्यावर हवा कमी करायला शिकावं, सोबत छोटा कॉम्प्रेसर ठेवावा आणि एक पावसाळा तसाच काढावा. त्यानंतरही गाडी टेकत असेल तर पुढे वाचा.

पुढची बाजू: खरी मर्यादा इथे

मागे पाट्यांवर गाडी हवी तेवढी उचलता येते. पुढे नाही. पुढच्या चाकाला ताकद पोचवणारा हाफ शाफ्ट दोन सीव्ही जॉइंटवर (कोनात असतानाही सारखे फिरणारे सांधे) फिरतो, आणि गाडी वर गेली की त्या जॉइंटचा कोन वाढतो. कोन वाढला की रबरी बूट एकमेकांवर घासतात, फाटतात, ग्रीस बाहेर फेकलं जातं, आत चिखल जातो. व्ही-क्रॉसला पुढे हाताने सोडायचे हब (चाक शाफ्टपासून सुटं करायची सोय) नाहीत, त्यामुळे टू-व्हील ड्राइव्हमध्ये डांबरी रस्त्यावर जातानाही हे जॉइंट फिरतच असतात. म्हणजे ती झीज रोजची.

दुसरी मर्यादा वरच्या आर्मची. गाडी उचलली की तो खाली झुकतो, त्याच्या टोकाचा बॉल जॉइंट आपल्या हालचालीच्या शेवटाजवळ येतो आणि चाक पूर्ण खाली लोंबलं की आर्म स्प्रिंगला टेकू शकतो. शिवाय कॅस्टर, म्हणजे चाक ज्या अक्षाभोवती वळतं त्याचा मागे झुकलेला कोन, कमी होतो. कॅस्टर कमी म्हणजे वळणानंतर स्टिअरिंग स्वतःहून सरळ यायला आळस करतं, आणि द्रुतगती मार्गावर गाडी भरकटल्यासारखी वाटते.

म्हणून अशा गाडीला पुढून ४० मिमी, फार तर ५० मिमी ही समंजस हद्द. ४० पर्यंत बहुधा मूळ आर्मवर अलाइनमेंट साधतं. त्यापुढे कॅस्टर सुधारून देणारे वेगळे वरचे आर्म घ्यावे लागतात. काही किटमध्ये पुढचा डिफरन्शियल २०-२५ मिमी खाली आणणारे ठोकळे असतात. त्याने सीव्हीचा कोन सुधारतो, पण ज्या उंचीसाठी एवढा खटाटोप केला, त्यातली थोडी परत जाते.

आता उचलायचं कशाने, यासाठी तीन रस्ते आहेत.

सगळ्यात स्वस्त म्हणजे शॉकअपच्या वरच्या टोकाला बसणारा स्पेसर. शॉकअप खालच्या आर्मवर मधे कुठेतरी बसलेला असतो, म्हणून २५ मिमी जाडीचा स्पेसर चाकाशी साधारण दुप्पट उंची देतो. "एक इंचाचा आहे, काही होत नाही" म्हणून बसवून घेतलेली गाडी दोन इंच वर गेलेली असते ती यामुळे. स्प्रिंग तीच राहते, त्यामुळे रिकाम्या गाडीचा मऊपणा टिकतो. मात्र चाक आता पूर्वीपेक्षा खाली लोंबतं, आणि सीव्ही व बॉल जॉइंटवर ताण येतो तो नेमका तिथे. दुसऱ्या टोकाला, जोरात आपटल्यावर, शॉकअप आतून लवकर टेकतो. २० मिमी उंचीपुरता पातळ स्पेसर ठीक. त्याहून जाड मी सुचवणार नाही.

दुसरा रस्ता म्हणजे मूळ शॉकअपवर स्प्रिंगखाली रिंग घालून तिला जास्त दाबणं. शॉकअपची लांबी तीच राहते, गाडी वर उभी राहते, आणि चाकाचा खाली जाण्याचा प्रवास संपत येतो. स्पीडब्रेकरवरून उतरताना पुढून "टक्" असा धातूचा आवाज येऊ लागला की समजा, शॉकअप पूर्ण उघडून अडतोय.

तिसरा आणि खरा उपाय म्हणजे तुमच्या वजनाला जुळणारी नवी स्प्रिंग आणि तिला जुळणारा नवा शॉकअप, जोडीने. महाग पडतो. पण लिफ्टच्या नावाखाली खरी सुधारणा होते ती इथेच: गाडी खड्ड्यात आपटत नाही, घाटात कमी झुलते, भरलेली असताना नाक वर करत नाही. बजेट अर्धं असेल तर आज स्पेसर आणि पुढच्या वर्षी शॉकअप असं करू नका. थांबा, आणि एकदाच करा.

मागची बाजू

कारखान्यातून आलेली रिकामी पिकअप मागून थोडी वर असते, कारण भरल्यावर ती बसणार असते. पुढून ४० उचलताना मागून ४० उचलायलाच हवी असं नाही. हौदा बहुतेक रिकामा असेल तर २०-२५ मध्येही गाडी जवळपास समतल दिसते. पूर्ण समतल मात्र करू नका; दोन पोती सिमेंट टाकल्यावर हेडलाइट झाडांच्या शेंड्यांवर जातील.

एक्सल आणि पाट्यांच्या मधे घालायचे ठोकळे सगळ्यात स्वस्त. जोरात ताकद दिली की एक्सल वळायला बघतो आणि पाटा एस अक्षरासारखा वाकतो. ठोकळा जितका उंच तितकं हे जास्त. एकावर एक दोन ठोकळे तर कधीच नाही. लांब शॅकल (पाट्याचं टोक चासीला जोडणाऱ्या पट्ट्या) घातले तर वाढवलेल्या लांबीच्या साधारण निम्मी उंची मिळते, पण एक्सल किंचित फिरतो आणि प्रोपेलर शाफ्टचा (मागच्या एक्सलपर्यंत ताकद नेणाऱ्या दांड्याचा) कोन बदलतो.

आणखी एक पाटा वाढवून घेणं हा आपल्या पाटेवाल्यांचा आवडता उपाय. भार वाहायचा असेल तर तो चांगलाच आहे, अट एवढीच की पाटा लांब असावा. आखूड आणि जाड पाटा घातला की सगळा वाक त्याच्या टोकाशी एकवटतो आणि वरचा पाटा तिथेच तुटतो. हौदा रिकामा ठेवणाऱ्याने हा उपाय टाळावा, मागे बसलेल्यांचे मणके दुवा देणार नाहीत.

पूर्ण नवा संच घेताना त्यावर लिहिलेला भार बघा. "कायम ३०० किलो" असं लिहिलेला संच रिकाम्या गाडीला घातला तर ती बैलगाडीसारखी उडेल. रिकामी ते मध्यम भार असा संच शहरात राहून सुट्टीला भटकणाऱ्यांसाठी पुरेसा असतो.

मागे उचलल्यावर प्रोपेलर शाफ्टकडे लक्ष ठेवा. दोन तुकड्यांचा शाफ्ट आणि मधली बेअरिंग असलेल्या गाड्यांत पहिल्या गिअरमध्ये निघताना थरथर जाणवली, तर मधली बेअरिंग थोडी खाली घेणारे स्पेसर लागतात. किटमध्ये ते आहेत का, हे पैसे देण्याआधी विचारा. काही पिकअपमध्ये मागच्या ब्रेकचा दाब भारानुसार बदलणारा व्हॉल्व्ह दांडीने एक्सलला जोडलेला असतो. गाडी वर गेली की त्याला वाटतं हौदा रिकामा आहे, आणि तो मागचा ब्रेक कमी करतो. दांडी नव्या उंचीला जुळवून घ्यायलाच हवी.

शॉकअप

ट्विन ट्यूब (दोन नळ्यांचा) की मोनोट्यूब (एका नळीचा), यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. थोडक्यात, मोनोट्यूब उष्णता लवकर बाहेर टाकतो, म्हणून लडाख-स्पितीच्या तासन्‌तास चालणाऱ्या खडबडीत रस्त्यांवर दम टिकवतो. जाड ट्विन ट्यूबची चाल बहुधा मऊ असते, आणि बाहेरच्या नळीला दगडाचा पोचा पडला तरी तो सहसा चालत राहतो. सह्याद्रीत शनिवार-रविवार भटकणाऱ्याला दोन्ही पुरतात. लांबी आणि स्प्रिंगशी जोडी हे दोन मुद्दे प्रकारापेक्षा महत्त्वाचे. पुढे एका कंपनीचा आणि मागे दुसऱ्या कंपनीचा असा जुगाड नको.

बसवून घेताना

गॅरेज निवडताना एकच प्रश्न विचारा: "बुशचे बोल्ट कधी आवळता?" गाडी जॅकवर असतानाच, असं उत्तर आलं तर दुसरीकडे जा. आर्मचे आणि शॅकलचे रबरी बुशवाले बोल्ट गाडीचं वजन चाकांवर आल्यावरच पूर्ण आवळायचे असतात. लोंबत्या अवस्थेत आवळले तर बुश कायम पिळलेले राहतात, लवकर फाटतात, आणि गाडी ठरलेल्या उंचीवर बसतही नाही.

एक्सलला पाट्यांशी बांधणारे यू-बोल्ट नवेच हवेत. एकदा ताणून आवळलेले पुन्हा वापरायचे नसतात. कॉइल स्प्रिंग उघडायला योग्य कॉम्प्रेसर हवा. दोरी, साखळी आणि धीर यांवर हे काम करणाऱ्याच्या जवळही उभे राहू नका. दाबलेली स्प्रिंग सुटली तर जीव जातो.

काम झाल्यावर, गाडी अजून वर असताना, स्वतः खाली जा. चाकं पूर्ण लोंबलेली असताना ब्रेकची नळी ताणलेली नको, एबीएसची वायर ताणलेली नको, मागच्या एक्सलची हवेची नळी निसटलेली नको. स्टिअरिंग दोन्ही टोकांना वळवून सीव्हीचे बूट बघा. मग गाडी खाली घ्या आणि सुरुवातीला घेतलेली चारही मापं पुन्हा घ्या. किटच्या खोक्यावर ४० लिहिलं असेल आणि टेपवर ६० निघत असेल, तर स्प्रिंग तुमच्या वजनाची नाही. "बसेल हळूहळू" हे उत्तर पाच-दहा मिलिमीटरपुरतं खरं असतं, वीससाठी नाही.

अलाइनमेंट त्याच दिवशी, आणि आधीची-नंतरची छापील पट्टी मागून घ्या. तिच्यावर कॅस्टर दोन्ही बाजूंना जवळपास सारखा आणि कंपनीच्या हद्दीत आहे का ते बघा. फक्त टो (चाकांचा आत-बाहेर वळलेला कोन) जुळवून "झालं साहेब" म्हणणारे पुष्कळ आहेत. हेडलाइटही खाली करून घ्या, समोरून येणाऱ्याचे डोळे आपल्यासारखेच असतात.

पहिले काही दिवस ओळखीच्या रस्त्यावर रिकामी गाडी चालवा. मोकळ्या जागी जोरात ब्रेक मारून ती सरळ थांबते का ते बघा. घाटातल्या वळणांवर वेग आधीपेक्षा कमी ठेवा, कारण गुरुत्वमध्य वर गेलेला आहे. ५०० किलोमीटरनंतर यू-बोल्ट, शॅकल आणि आर्मचे सगळे बोल्ट टॉर्क पान्याने तपासून घ्या. १००० नंतर अलाइनमेंट पुन्हा एकदा. त्यापुढे दर सर्व्हिसला मेकॅनिकला सीव्हीचे बूट दाखवायला सांगा, आणि आतल्या घडीत ओलसर काळं ग्रीस दिसलं तर पुढच्या सर्व्हिसची वाट न बघता बूट बदला. बूट वेळेवर बदलला तर सहसा पूर्ण शाफ्ट बदलायची वेळ येत नाही.